बुकस्टॅक: मशिन शॉपमधल्या जुन्या सेटरचं ज्ञान साठवायला घेतलेलं सॉफ्टवेअर

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशिन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, ते सीएनसीवर (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशिनवर) टर्न-बोअर करून, म्हणजे बाहेरून कातून आणि आतलं भोक, बोअर, कापून आम्ही पुढे पाठवतो. मी क्वालिटी बघते. बुकस्टॅक आमच्याकडे रोजच्या वापरात आहे आणि शेजारच्या युनिटमधले लोक त्याबद्दल सारखे विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

बुकस्टॅक म्हणजे कंपनीचं स्वतःचं, आतल्या आत चालणारं विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची आणि सुधारायची पानं. ओपन सोर्स आहे, एमआयटी लायसन्सखाली मिळतं, त्यामुळे माणसामागे महिन्याचं भाडं नाही. पीएचपी आणि मायएसक्यूएल चालेल अशा साध्या सर्व्हरवर बसतं. आमचं ऑफिसातल्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकून चालतं. रचना कपाट, पुस्तक, प्रकरण, पान अशी आहे आणि ती शॉपमधल्या कुणालाही समजावून सांगावी लागली नाही. एका मशिनचं एक पुस्तक, एका जॉबचं (मशिनवर करायच्या एका भागाचं) एक प्रकरण, प्रत्येक सेटिंगचं एक पान. मशिनवर क्यूआर चिकटवलाय, मोबाइल धरला की त्या मशिनचं पुस्तक उघडतं.

आम्हाला याची गरज पडली ती अण्णांमुळे. अण्णा आमचे सगळ्यात जुने सेटर, म्हणजे मशिनवर जॉब लावून देणारे, निवृत्तीला आलेले. ते रजेवर गेले की पातळ वॉलच्या एका बुशचं (रिंगसारख्या पोकळ भागाचं) रिजेक्शन हमखास वाढायचं. सेटअप शीट तीच, प्रोग्रॅम तोच, इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) ही तेच. आमच्या तपासणीत जॉब पास व्हायचा आणि ग्राहकाकडे बेअरिंग नीट बसायचं नाही.

कारण असं, की पातळ रिंग तीन जॉच्या चकमध्ये (जॉब धरणाऱ्या तीन जबड्यांच्या पकडीत) धरली की तीन ठिकाणी दबते. त्या दबलेल्या अवस्थेत बोअर अगदी गोल कापला जातो. चक सोडला की रिंग मूळ आकाराला परत येते आणि बोअरला तीन उंचवटे येतात. दोन टोकांच्या बोअर गेजला हे दिसत नाही, कारण एका बाजूला उंचवटा असला की बरोबर समोर खळगा असतो आणि माप जवळपास सारखंच येतं. अण्णा फिनिश कटच्या आधी चकचं प्रेशर उतरवायचे. सॉफ्ट जॉ (कापून आकार देता येतो असे मऊ जबडे) जॉबच्या साइजला बोअर करून घ्यायचे, म्हणजे रिंगला तीन टोकांऐवजी रुंद आधार मिळतो. आणि शेवटी तीन टोकांचा मायक्रोमीटर थोडा थोडा फिरवून बघायचे. यातलं एकही वाक्य शीटवर नव्हतं. तिथे चक प्रेशरचा एकच आकडा होता.

पहिल्यांदा त्यांना म्हटलं, "अण्णा, हे जरा लिहून द्या." त्यांचं उत्तर होतं, "मॅडम, ह्यात लिहिण्यासारखं काय हाय? हे सगळ्यांनाच येतंय की." जाणती माणसं ज्ञान दाबून ठेवतात असं सर्रास बोललं जातं. काही जण ठेवतातही. पण बहुतेकांचं अण्णांसारखं असतं: आपल्याला जे येतं ते वेगळं काही आहे, हेच त्यांना वाटत नाही. अशा माणसापुढे कोरं पान ठेवून उपयोग नसतो, मग सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो. त्याला कुणीतरी मशिनजवळ उभं राहून विचारावं लागतं.

म्हणून आम्ही आयटीआयचं एक पोरगं अण्णांसोबत लावलं. अण्णा सेटिंग करणार, पोरगं फोटो काढणार आणि दर हालचालीला "हे का?" म्हणून विचारणार. नंतर तेच पान टाइप करणार. बुकस्टॅकमध्ये एखादं पान साचा म्हणून ठेवता येतं. आमच्या साच्यात तीन रकाने आहेत: पायरी, कळीचा मुद्दा, कारण. कल्पना आमची नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखाने नवख्या कामगारांनी भरले, तेव्हा त्यांना लवकर शिकवायला "ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री" नावाची सरकारी योजना आली. कामाची फोड पायऱ्यांत आणि कळीच्या मुद्द्यांत करायची पद्धत तिथली. युद्धानंतर ती जपानला गेली आणि टोयोटाने ती धरून ठेवली. तिसरा, कारणाचा रकाना मात्र काहीही झालं तरी काढू नका. "प्रेशर उतरवा" एवढंच लिहिलं तर दुसऱ्या शिफ्टचा माणूस घाईत ते सोडून देतो. सोडलं की बोअरला उंचवटे येतात हे वाचलं की सोडत नाही.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. पान टाइप केलं पोराने, म्हणून "तयार केलं" म्हणून त्याचंच नाव दिसतं. पण बुकस्टॅकमध्ये पानाचा मालक वेगळा ठेवता येतो. आम्ही मालक म्हणून अण्णांचं नाव लावलं आणि पहिल्या ओळीतही लिहिलं. ते पान अण्णांनी स्क्रीनवर बघितलं आणि खुर्ची ओढून बसले. पूर्ण वाचलं. दोन फोटो चुकीच्या बाजूने काढलेत म्हणून पोराला झापलं आणि ते पुन्हा काढायला लावले. त्यानंतर "आता त्या फ्लँजचं पण करूया" हे त्यांनी आपणहून म्हटलं.

नावाची ताकद मोठ्या कंपन्यांनीही बघितली आहे. झेरॉक्सच्या दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी 1990 च्या दशकात युरेका नावाची यंत्रणा उभी राहिली. मशिनवर सापडलेली युक्ती तंत्रज्ञाने पाठवायची, अनुभवी सहकाऱ्यांनी ती तपासायची आणि मग लिहिणाऱ्याच्या नावासकट ती सगळ्यांना मिळायची. बक्षिसाच्या पैशांपेक्षा नाव लागण्याला तिथे महत्त्व होतं. याच्या उलट मी आधी एका कंपनीत होते, तिथे "ज्ञान वाटा, पॉइंट मिळवा" अशी योजना होती. महिनाअखेरीला नोंदींचा नुसता पाऊस पडायचा. "मशिन स्वच्छ ठेवावे", "गेज जपून वापरावे". त्या नोंदी उघडून कुणी काम केल्याचं मी पाहिलं नाही.

कॉमेंटची सोय छोटी वाटते, पण तिनेच बुशचं पान खऱ्या अर्थाने पूर्ण केलं. दुसऱ्या शिफ्टच्या सेटरने खाली लिहिलं, "प्रेशर कमी केल्यावर जॉब चकमध्ये सरकतोय." अण्णांना विचारलं तर म्हणाले, "आरपीएम कमी केला नाहीस व्हय? तेवढ्यावर कसा राहील?" बाहेरून धरलेल्या जॉबला फिरण्याच्या वेगाने जॉ बाहेर ओढले जातात आणि पकड आणखी सैल होते, म्हणून ते फिनिश कटला वेगही उतरवायचे. हाताला इतकी सवय की सांगायचं राहून गेलं. जॉब चकमधून उडाला तर माणूस मरू शकतो, इतका तो मुद्दा मोठा आहे. आज पानावर तो लाल चौकटीत सगळ्यात वर आहे. पानाच्या जुन्या आवृत्त्या शेजारी ठेवून फरक बघता येतो, त्यामुळे कधी काय बदललं हेही राहतं.

ऑडिटच्या बाजूनेही फायदा झाला. आयएसओ 9001 या गुणवत्तेच्या मानकाच्या 2015 च्या आवृत्तीत 7.1.6 हे कलम कंपनीकडच्या ज्ञानाबद्दल आहे: ते ठरवा, जपा, लागेल तिथे उपलब्ध करा. पूर्वी या कलमाला आम्ही प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर वेळ मारून न्यायचो. आता सरळ पान उघडून दाखवते.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. मंजुरीची साखळी आत नाही. कुणी लिहायचं, कुणी तपासायचं, मग प्रसिद्ध, असा टप्पा हवा असेल तर मिळत नाही. आम्ही "कच्ची पानं" नावाचं पुस्तक वेगळं केलंय. मी आणि अण्णा बघितल्यावर पान मशिनच्या पुस्तकात हलवतो, आणि तिथे बदल करायचा अधिकार मोजक्याच लोकांना आहे. चालतं, पण क्वालिटीवाल्याला हे आतच असायला हवं होतं.

शोध बरा आहे, पण मराठीत अडखळतो. एकाने "बोरिंग" लिहिलं, दुसऱ्याने "बोअरिंग", की एकाचं पान दुसऱ्याला सापडत नाही. आम्ही प्रत्येक पानाला जॉब नंबरचा टॅग लावतो आणि पोरं नंबरानेच शोधतात. मोबाइलवर वाचायला छान, लिहायला मात्र त्रासाचं. लांब पान करायचं तर पीसीवरच बसावं लागतं.

आणि एक खर्च आहे, जो सॉफ्टवेअर मोफत असलं तरी टळत नाही. अण्णा शिकवत असतात तेवढा वेळ त्यांचं उत्पादन घटतं. आमच्या मालकांनी शिफ्ट रिपोर्टमध्ये त्यासाठी वेगळी ओळ घातली आणि तो वेळ कामातच धरला. हे मालकांनी केलं नसतं तर मी हे सगळं गुंडाळून ठेवलं असतं. टार्गेट तेवढंच ठेवून "जाता जाता पोरांना शिकवा" म्हणणं हा जाणत्या माणसावर सरळ अन्याय आहे, आणि तो शिकवत नाही म्हणून त्यालाच दोष देणं तर फारच वाईट.

माझ्याकडून पाचपैकी चार. पाच-दहा मशिनच्या शॉपला हे पुरून उरतं. ऑफिसात संगणकाचं बघणारा एक तरी माणूस हवा, कारण अपडेट आणि बॅकअप आपणच करायचे असतात. आमचा बॅकअप रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर जातो. तुमच्याकडे असा माणूस नसेल तर आधी त्याची सोय करा. सुरुवात सगळ्या मशिनपासून करू नका. ज्या जॉबचं रिजेक्शन एकच माणूस रजेवर असताना वाढतं, तो जॉब घ्या, आणि तो माणूस कामावर असतानाच घ्या.