चपट्या तोंडाच्या ट्रकनंतर नाकवाला ट्रक: अकरा महिन्यांचा अनुभव

तीन वर्षं जर्मनी-नेदरलँड्समध्ये चपट्या तोंडाची गाडी चालवली. गेले अकरा महिने न्यू जर्सी ते ओहायो बॉनेटवाली चालवतोय. कऱ्हाडच्या मित्रांचा प्रश्न ठरलेला: "अमेरिकेतली गाडी भारी असेल ना?" झोपायला भारी. चालवायला मला अजून तिकडचीच आवडते.

नाक असणं-नसणं हा शौकाचा मामला नाही, सगळा खेळ मोजपट्टीचा आहे. युरोपात घोडा (म्हणजे पुढचा ओढणारा ट्रक) आणि ट्रेलर मिळून १६.५ मीटरच्या आत बसवावे लागतात. नाक ठेवलं की मालाची जागा गेली, म्हणून केबिन थेट इंजिनावर. अमेरिकेत १९८२ च्या कायद्यानंतर मोठ्या महामार्गांवर फक्त ट्रेलरची लांबी बघतात, घोडा केवढाही असो. आधी इथेही चपट्या गाड्या खूप होत्या, मग त्या हळूहळू गेल्या. आपल्याकडे नेमकं उलटं झालं. वडिलांनी नाकवाली टाटा चालवली, मी शिकलो ती चपटीवर.

त्या सुटलेल्या लांबीत इथे एक खोली मावते. सीटमागे सरळ उभं राहता येतं, खाली-वर दोन बिछाने, फ्रीज, मायक्रोवेव्ह. तिकडे सीटच्या पाठीला लागूनच बिछाना असायचा, पाय लांब केले की भिंत. शिवाय तिकडे ड्रायव्हर पुढच्या चाकावरच बसतो, प्रत्येक खड्डा कमरेत. इथे चाक पुढे आणि आपण मागे, त्यामुळे पाठ खरंच कमी दुखते. याचे पूर्ण मार्क.

इंजिन बघायलाही इथे सोपं. बॉनेट पुढे ओढलं की पट्टे, होजपाइप, ऑइलची दांडी सगळं समोर. तिकडे रोजचं ऑइल-पाणी पुढच्या झाकणातून व्हायचं, पण खरं काम निघालं की अख्खी केबिन पुढे झुकवायची. पहिल्यांदा झुकवली तेव्हा आत काय सुटं आहे ते बघायचं राहून गेलं. आईने दिलेली लोणच्याची बरणी थेट काचेवर. काच वाचली, बरणी नाही. खार डॅशबोर्डच्या फटीत उतरला आणि उन्हाळाभर हीटर न लावताही गाडीत कैरीचा वास.

आता तक्रारी. इथला ट्रेलर ५३ फुटी, म्हणजे १६ मीटरच्या वर. नुसता ट्रेलरच तिकडच्या अख्ख्या गाडीएवढा! गावातल्या चौकात उजवीकडे वळायचं तर आधी डावीकडची लेन खायची, तरी मागचं चाक फुटपाथला घासतंय का म्हणून जीव आरशात. आणि त्या नाकापलीकडचं दिसत नाही ते वेगळंच. तिकडे काचेच्या वर बंपर दाखवणारा एक आरसा, दाराखालचं दाखवणारा दुसरा. इथे बॉनेटवर दोन गोल आरसे आहेत, पण पुरत नाहीत. तिसऱ्याच आठवड्यात सिग्नलला उजव्या चाकाजवळ एक छोटी कार उभी होती. मला दिसली ती फक्त तिच्या टपावर बांधलेली सायकल. सायकल नसती तर, असं अजूनही मनात येतं.

वजनाचं गणितही निराळं. तिकडे ४० टन, ट्रेलरखाली तीन एक्सल, प्रत्येकाला दोन्ही बाजूंना एकेक रुंद टायर, एक्सल जागचे हलत नाहीत. इथे ८०,००० पौंड, म्हणजे साधारण ३६ टन, आणि प्रत्येक जोड-एक्सलवर ३४,००० ची मर्यादा. काट्यावर घोड्याकडे जास्त भरलं की ट्रेलरची मागची चाकं पिना ओढून पुढे सरकवायची. जानेवारीत पेनसिल्व्हेनियात पिना गोठलेल्या असतात. एकटा माणूस, हातोडा, गाडी मागे-पुढे, पुन्हा खाली उतरून बघ. क्लीनर किती मोलाचा असतो ते तिथे कळतं.

उताराला तर तिकडची गाडी फारच सरस. रिटार्डरची (ब्रेक न घासता वेग रोखणाऱ्या यंत्राची) दांडी ओढली की भरलेली गाडी आवाज न करता आवरते, ब्रेकला पायही लागत नाही. चाकांना डिस्क ब्रेक होते. माझ्या इथल्या गाडीला ड्रम आहेत आणि इंजिनब्रेक असा तडतडतो की गावोगावी तो लावू नका म्हणून पाट्या आहेत. गिअरही दहा, हाताने टाकायचे, दोनदा क्लच मारून. खंबाटकीत शिकलेलं कामाला आलं, पण तीन वर्षं बाराचा ऑटोमॅटिक वापरल्यावर पहिले पंधरा दिवस करकर ऐकून लाज वाटायची.

वेगाचं म्हणाल तर तिकडे ताशी ९० किलोमीटरला गाडी बांधलेली. एक ट्रक दुसऱ्याला ओलांडतोय आणि मागे दोन किलोमीटर रांग, जर्मन लोक त्याला हत्तींची शर्यत म्हणतात. त्याची आठवण येत नाही.

नवीन येणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. तिकडच्या गाडीत वीज २४ व्होल्टची, इथे १२ ची. मी हौसेने आणलेला २४ व्होल्टचा भाताचा कुकर न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या घरात माळ्यावर पडलाय. युरोपात गाडी चालवायला कोणी निघालं असेल तर फुकट घेऊन जा, झाकणाची मूठ तेवढी सैल आहे.