जयपूर फूटवर सोळा महिने : गिरणी चालवणाऱ्या बाईचा अनुभव

जयपूर फूट, म्हणजे रबराच्या पावलाचा नकली पाय, वापरायला लागून मला या महिन्यात सोळा महिने झाले. माझा उजवा पाय गुडघ्याखाली वीतभर ठेवून काढलेला आहे. कऱ्हाडजवळ हायवेला आमच्या दुचाकीला मागून ट्रकनं धडक दिली, पाऊल आणि घोटा चिरडला, चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की पाय वाचत नाही. त्या दिवसांबद्दल इथे लिहीत नाही. आमची गावात पिठाची गिरणी आहे, ती मी चालवते. आमचे हे शेती बघतात. दिवसाचे सात-आठ तास उभ्यानं काम, वर डबे उचलणं, खाली ठेवणं. पायाची परीक्षा या कामात झालेली आहे, हे धरून वाचा.

भेटेल तो विचारतो, "पाय कसा आहे वहिनी?" पाय चांगलाच आहे. रबराच्या त्या पावलाबद्दल माझी एकही तक्रार नाही. पण नवीन माणसानं पावलाकडे बघूच नये असं मला आता वाटतं. त्यानं सॉकेटकडे बघावं. आपला उरलेला पाय, ज्याला सगळे स्टंपच म्हणतात, तो ज्या नळीत बसतो ते सॉकेट. ते नीट बसलं तर शेताच्या बांधावरून चालता येतं. ते दोन सूत जरी चुकलं तरी घरातल्या घरात उंबरा ओलांडणं नको होतं.

हे मला पहिल्या पायानं शिकवलं. तो एका शिबिरात मिळाला होता. माप घेताना स्टंप अजून सुजलेला होता, टाके निघून फार दिवस झाले नव्हते. रांग मोठी, माणसं थोडी. पाय बसवला, दहा पावलं चालवलं, पट्टा कसा लावायचा ते दाखवलं आणि पुढचा माणूस आत घेतला. सॉकेटच्या आत स्टंपवर घालायच्या मोज्यांबद्दल कोणी काही बोललं नाही. मला त्यांच्या मेहनतीबद्दल राग नाही, पण न सांगितल्याचा राग आहे, कारण सांगायला पाच मिनिटं लागली असती. सूज उतरत जाते, मांस आटतं, स्टंप बारीक होत जातो. पहिल्या वर्षात तर झपाट्यानं होतो. सॉकेट मात्र तेवढंच राहतं. तिसऱ्या महिन्यात माझा स्टंप सॉकेटमध्ये खाली घसरायला लागला आणि सगळं वजन टोकावर यायला लागलं. मला वाटलं, सवय व्हायची आहे. दात आवळून चालत राहिले. एका संध्याकाळी मोजा काढला तर तो चिकटलेला होता. टोकाला रुपयाएवढी जखम. तीन आठवडे पाय लावायचा नाही म्हणाले डॉक्टर. गिरणी बंद, गिऱ्हाईक शेजारच्या गावाला गेलं, मी कुबड्यांवर.

दुसरं सॉकेट पुण्यातल्या एका केंद्रात करून घेतलं, आणि ते करताना मी डोळे उघडे ठेवून बसले. आधी स्टंपवर पातळ मोजा चढवून त्यावर निळ्या पेन्सिलीनं हाडांच्या जागा आखल्या. ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि वाळताना त्या टेक्निशियननं दोन्ही अंगठे गुडघ्याच्या वाटीखाली दाबून धरले. मी विचारलं, का? तर म्हणाले, "ताई, तुमचं वजन इथं पेलायचं आहे. वाटीच्या खाली ही जाड शीर आहे ना, ती दाब सहन करते. टोक सहन करत नाही, आणि नडगीची धार आणि बाहेरच्या बाजूचं हे गोल हाड तर अजिबात नाही." मग त्या साच्यात प्लास्टर ओतून स्टंपची प्रतिकृती काढली, ती कानशीनं घासली, जिथे हाड तिथे भर घातली. आणि मग भट्टीतून पाइप काढला. मी बघतच राहिले. आमच्या पाइपलाइनला टाकतो तसलाच एचडीपीई प्लास्टिकचा पाइप! तापून लोळागोळा झालेला, तो चटचट त्या प्रतिकृतीवर ओढला. संध्याकाळी मी त्यावर चालत होते.

केंद्रात भिंतीवर माहिती लावलेली होती. १९६८ मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि हाडांचे डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी मिळून हे पाऊल केलं. सेठींना १९८१ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मा फारसे शाळा न शिकलेले, हाताचे कसबी. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. १९७५ ला डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि पाय फुकट मिळायला लागले. त्याच्या आधीचं परदेशी धर्तीचं पाऊल बुटात घालूनच वापरायचं होतं, घोट्यात वाकत नव्हतं. जमिनीवर बसणाऱ्या, अनवाणी देवळात जाणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग? आत स्पंज रबर, वरून टणक रबर आणि सगळं साच्यात भाजून एकजीव केलेलं हे पाऊल सगळ्या बाजूंनी थोडं थोडं वाकतं. खडबडीत जमिनीवर त्याचा फरक कळतो. नांगरलेल्या रानात मी काठी न घेता जाते. ऊस लावताना पाटाच्या पाण्यात उभी राहिलेली आहे. घरी येऊन हातपाय धुतो तसा तोही धुते.

उकिडवं बसता येतं का, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. येतं. पण सॉकेटची मागची कड गुडघ्याच्या मागे रुतते, त्यामुळे दोन-तीन मिनिटांच्या वर मला जमत नाही. मांडी घालून पंगतीला बसता येतं, पाय थोडा पुढे सोडून. संडासाला मात्र आम्ही कमोड करून घेतला आणि भिंतीला लोखंडी दांडी ठोकली. पाय लावून उकिडवं बसायचा हट्ट धरू नका, रोजच्या रोज तिथे कड रुतली की गुडघ्यामागे चट्टा उठतो.

आता गिरणीचं. ज्यांचं काम धुळीत, भुशात, सिमेंटमध्ये आहे त्यांनी हे नीट वाचा. पीठ सगळीकडे जातं. सॉकेटच्या वरच्या कडेतून आत जातं, आत घाम असतो, आणि दुपारपर्यंत मोज्यावर त्याची कणीक होते. वाळली की ती खरखरीत होते आणि दर पावलाला कातडी घासते. पहिले दोन महिने मला कळेचना की आग कशाची होते. एकदा मोजा उलटा करून उन्हात धरला तर विणीच्या भोकाभोकात पांढरे खडे. तेव्हापासून जुन्या सुती परकराच्या कापडाची एक बाही शिवली, वर इलास्टिक. सॉकेट आणि मांडी दोन्ही झाकली जातात, पीठ आत जात नाही. दिवाळीच्या भाजणीच्या गर्दीत सलग दहा दिवस उभी होते, या बाहीमुळे निभावलं.

मोजे माझ्याकडे सहा आहेत, तीन जाड, तीन पातळ. सकाळी एक जाड घालून निघते. दिवसभर वजन पडून स्टंप आटतो, बारा-एकच्या सुमाराला पाय सैल लागतो, चालताना सॉकेटमधून हवेचा फुस्स आवाज येतो. तो आवाज आला की मी गिरणीचा पट्टा बंद करते, दळण थांबवते, खुर्चीवर बसते आणि वरून एक पातळ मोजा चढवते. गिऱ्हाइकाला थांबायला सांगायची पूर्वी लाज वाटायची, आता वाटत नाही. तीन जाड मोजे घालूनही सैल लागायला लागलं की समजायचं, सॉकेट बदलायची वेळ आली. सुरकुती मात्र एकही चालत नाही. मोज्याची चुणी म्हणजे संध्याकाळी फोड.

पावसाळा मला सगळ्यात जड गेला. एचडीपीईतून हवा खेळत नाही. कातडीला बुरशी झाली, खाज सुटली, दोन आठवडे मलम. मोजे वाळत नाहीत म्हणून चुलीजवळच्या दोरीवर टांगायचे. आता रात्री स्टंप साबणानं धुऊन कोरडा करते. सकाळी गरम पाण्यानं धुऊन लगेच पाय चढवायची चूक करू नका, गरम पाण्यानं स्टंप फुगतो आणि सॉकेट घट्ट होतं.

साडीचं कोणी मला सांगितलं नव्हतं. पावलाला स्पर्श कळत नाही, त्यामुळे निऱ्यांवर पाय पडलेला कळत नाही. दोनदा आपटले, एकदा हातात भरलेला डबा होता. आता साडी दोन बोटं वर नेसते. गिरणीत मात्र पंजाबी ड्रेसच, आणि त्याला आत्याबाईंनी आधी थोडी कुरकुर केली, नंतर त्यांनीच दोन ड्रेस शिवून आणले.

एसटीची पहिली पायरी उंच असते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना नकली पाय आधी, एवढं डोक्यात बसलं की बाकी सवयीनं होतं. जिन्यालाही तेच. बाई म्हणून अर्धं तिकीट मिळत होतंच, दिव्यांग कार्डावर ७५ टक्के सवलत मिळते. ते यूडीआयडी कार्ड आधी काढा. ४० टक्के किंवा त्याच्या वर दिव्यांगत्व असेल तर त्याच्यावरच पुढचं सगळं उभं राहतं. माझ्या बिनगिअरच्या स्कूटरला बाजूची चाकं लावून घेतली. दोन्ही ब्रेक हातात असल्यानं उजव्या पायाची गरजच पडत नाही. गाडीत केलेला बदल आरसी बुकात नोंदवावा लागतो, त्याला आरटीओला तीन खेपा झाल्या. पण आता गिरणीचे पाटे टाकी मारायला देणं, बँक, बाजार, यासाठी मला कोणाची वाट बघावी लागत नाही.

नसलेला पाय दुखतो, हेही लिहायला हवं, कारण मला आधी वाटलं माझ्या डोक्यात काही बिघाड झाला. नसलेल्या अंगठ्यात मुरगळ यायची, रात्री दोनला. घरात कोणाला सांगावं? फिजिओथेरपिस्ट ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे बहुतेकांना होतं. त्यांनी दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरायला लावला, चांगला पाय हलवायचा आणि आरशात बघायचं. उजवा पाय हलतोय असं दिसतं. ही युक्ती मेंदूचे अभ्यासक डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात काढली, असं ताईंनी सांगितलं. पहिल्या दिवशी आरशात दोन्ही पाय दिसले आणि मी रडले. महिनाभर रोज पंधरा मिनिटं केलं. दुखणं गेलं नाही, पण आठवड्यातून एखाद्या रात्रीवर आलं.

आणखी एक गोष्ट, जी पाय मिळायच्या आधीची आहे पण पाय चालणार की नाही ते तिच्यावर ठरतं. ऑपरेशननंतर आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग तो सरळ होईपर्यंत पाय बसवताच येत नाही. माझ्या वॉर्डातल्या एका मावशींचं तसंच झालं. मला नर्सनं रागावून उशी काढून घेतली होती. तेव्हा मला ती निष्ठुर वाटली होती. ती भेटली तर पाया पडेन.

हा पाय घ्यावा का? गुडघ्याखाली कापलेलं असेल, राहणं खेड्यात असेल, जमिनीवर बसणं-उठणं असेल तर निःशंक घ्या. गुडघ्याच्या वर कापलेल्यांचा अनुभव वेगळा असतो, त्यावर मी बोलू नये. वजन थोडं जास्त वाटतं, पट्टा मांडीवर काचतो, उन्हाळ्यात आतून भाजतं. हे तिन्ही मी सहन करते. पण जिथे माप देणार तिथे महिन्यानं पुन्हा येऊन दुरुस्त करून मिळेल का, हे आधी विचारा. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

मी रोज रात्री साडेनऊला पलंगावर बसते. पट्टा सोडते, पाय काढते, मोजा उलटा करते. मग हातातला छोटा आरसा स्टंपखाली धरून टोक आणि मागची बाजू बघते. लाल डाग असतातच. वाटीखालचा लाल डाग चांगला, तिथेच वजन पडायला हवं. दहा मिनिटं थांबते. डाग विरला तर ठीक. हाडावरचा डाग राहिला तर उद्या सकाळी गिरणी उशिरा. पाय भिंतीला टेकवून ठेवते, मोजा दोरीवर टाकते, कुबड्या पलंगाच्या डाव्या अंगाला, बॅटरी उशाखाली. झोपेत विसरून दोन पायांवर उठायचा प्रयत्न मी एकदा केलेला आहे, म्हणून कुबड्या हाताला लागतील अशाच ठेवते. रात्री बाथरूमला जाताना आता मी कोणाला उठवत नाही.