रिस्क रजिस्टर: सात-आठ महिने वापरल्यावर

रिस्क रजिस्टर म्हणजे प्रोजेक्टमध्ये काय काय बिघडू शकतं, त्याची यादी. टूल वगैरे काही खास नाही, टीमने शेअर केलेली साधी शीट. पाचापैकी चार स्टार. एक कुठे गेला ते आधी सांगतो, कारण बहुतेक टीम तिथेच कंटाळून हे बंद करतात.

नेटवर मिळणारं कुठलंही टेम्प्लेट घ्या: शक्यता १ ते ५, परिणाम १ ते ५, दोन्हींचा गुणाकार, मग लाल-पिवळा-हिरवा. दिसायला झकास. पण दर स्प्रिंटला (कामाच्या ठरलेल्या छोट्या टप्प्याला) होणारी किरकोळ कटकट ५ गुणिले १, आणि सहसा न होणारी पण झाली तर कंपनीच बुडवणारी गोष्ट १ गुणिले ५. दोघींचा स्कोअर सारखाच, रंगही सारखाच. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या ट्रेडिंग फर्मचं काय झालं ते आठवा. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढलाच नाही, तिथला वापरातून गेलेला जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त तोटा. ‘एखादा सर्व्हर राहून जाणं’ आमच्या शीटमध्ये तळाला हिरवंगार बसलं असतं. शिवाय १ ते ५ हे नुसते दर्जे. गुणले म्हणून ते माप होत नाही. आणि तीन द्यायचे की चार, यावर मीटिंग खर्ची पडते ती वेगळीच. (वरिष्ठांचा रिव्ह्यू जवळ आला की लाल रंग आपोआप पिवळा होतो, हा अनुभव सगळ्यांचाच असावा.)

आता चार स्टार कशाचे? दोन कॉलमचे: ‘खूण’ (काय दिसलं की हलायचं) आणि ‘कोण बघणार’. आमची एक ओळ आधी अशी होती: ‘बाहेरचं एपीआय (दुसऱ्या कंपनीच्या सिस्टिमशी आपलं सॉफ्टवेअर जोडायचा दुवा) उशिरा मिळू शकतं.’ वाचून सगळे मान डोलवायचे, करायचं कोणी काहीच नाही. तीच ओळ नंतर अशी झाली: ‘१२ तारखेपर्यंत टेस्टची की (ते एपीआय वापरून बघायचा कोड) आली नाही, तर डमी एपीआयवर काम सुरू करायचं आणि इंटिग्रेशन पुढच्या रिलीजला ढकलायचं.’ पुढे बघणाऱ्याचं नाव. १२ तारीख उजाडली, टेस्टची की काही आली नव्हती. स्टँडअपमध्ये (रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये) दोन मिनिटांत विषय संपला. ना आरडाओरडा, ना रात्रीचे कॉल. निर्णय डोकं शांत असताना आधीच झाला होता, एवढाच काय तो फरक.

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचे अभ्यासक बॅरी बोह्म यांनी १९९१ च्या लेखात वरच्या दहा रिस्कची यादी ठेवायला सांगितलंय, प्रत्येकीपुढे आत्ताचा क्रमांक, मागचा क्रमांक आणि ती यादीत किती काळ पडून आहे ते. हा शेवटचा कॉलम बोचरा आहे. एखादी रिस्क महिनोन्‌महिने तिसऱ्या नंबरवर असेल, तर ती सांभाळली जात नाहीये, नुसती मिरवली जातेय.

त्याच लेखातल्या यादीत पहिला नंबर माणसांच्या टंचाईचा आहे. नेमकी हीच गोष्ट शीटमध्ये लिहिता येत नाही. सगळ्यांना दिसणाऱ्या जागी ‘अमुक जण सोडून जाईल’ असं कोण लिहील? आम्ही माणसाऐवजी कामाचं नाव लिहितो: ‘पेमेंटचं मॉड्यूल (सॉफ्टवेअरचा तेवढा भाग) एकालाच कळतं.’ खूण म्हणजे त्याची मोठी रजा. उपाय म्हणून त्या मॉड्यूलचं प्रत्येक तिकीट (नोंदवलेलं छोटं काम) दुसऱ्या कोणीतरी करायचं आणि त्या जाणकाराने फक्त रिव्ह्यू द्यायचा. वेग कमी होतो, हे मान्यच.

नव्या रिस्क सुचत नसतील तर मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांचं प्री-मॉर्टेम करून बघा. प्रोजेक्ट आपटलाय असं धरून चालायचं आणि प्रत्येकाने का आपटला ते लिहायचं. ‘काही अडचण आहे का?’ विचारलं की गप्प बसणारे ज्युनिअर इथे पानभर लिहितात.

शीट आपोआप ताजी राहत नाही. दर आठवड्याला दहा मिनिटं काढणारा एक माणूस लागतोच, तो रजेवर गेला की शीट शिळी होते. चार-पाच जणांच्या, महिन्याभरात संपणाऱ्या कामाला हे लावू नका, स्टँडअप पुरतो. बाहेरच्यांवर अवलंबून असलेलं लांबलचक काम असेल तर मात्र घ्याच. गुणाकाराचा कॉलम आम्ही वेगळ्या टॅबमध्ये हलवलाय. क्लायंटच्या रिपोर्टला रंग लागतात, तेवढ्यापुरता उघडतो.