अंदमानच्या जंगलात एक दिवस: वाटाड्याला पूर्ण गुण, आयोजकाला निम्मे

अंदमानला जाणाऱ्या मराठी प्रवाशाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपाशी हात जोडायचे, संध्याकाळी तेथलाच ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम पाहायचा, रॉस बेटावर फेरी मारायची, हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर एक दिवस घालवायचा आणि परतीचे विमान पकडायचे. समुद्राइतकेच ज्या जंगलाने येथील कैद्यांना अडवून धरले, ते जंगल या सगळ्यात गाडीच्या काचेतूनच काय ते दिसते. गेल्या फेब्रुवारीत आम्ही पाच जणांनी, म्हणजे मी, माझे पती, माझी नणंद आणि तिची महाविद्यालयात शिकणारी दोन मुले, यासाठी एक अख्खा दिवस वेगळा काढला आणि दक्षिण अंदमानातील माउंट हॅरिएटच्या माथ्यावरून मधुबनच्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे १६ किलोमीटरची पायवाट वाटाड्यासह चाललो. हा त्या एका दिवसाचा अभिप्राय आहे. आयोजकाचे नाव मी मुद्दाम देत नाही. ज्या उणिवा पुढे सांगणार आहे, त्या ही सहल विकणाऱ्या कोणाच्याही बाबतीत आधीच तपासून घ्याव्यात अशा आहेत.

माणशी ३,२०० रुपयांत हॉटेलपासून गाडी, फेरीबोटीचे भाडे, वनखात्याची परवानगी, दुपारचे जेवण, पाणी, जळवांपासून संरक्षण देणारे मोजे आणि अनुभवी वाटाड्या असे सर्व काही मिळणार होते. गाडी पहाटे साडेपाचला येणार होती. ती आली सहा वाजून पन्नास मिनिटांनी. चाथमच्या धक्क्यावर खाडीपलीकडच्या बांबूफ्लॅटला जाणाऱ्या गाड्यांची रांग तोवर लांबली होती, त्यामुळे एक फेरी आमच्या डोळ्यांदेखत भरून निघून गेली. खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही, वाट पाहण्यात मात्र तासभर गेला. धक्क्याशेजारी १८८३ साली सुरू झालेली चाथमची लाकूड गिरणी आहे, असे चालकाने आमची समजूत घालण्यासाठी सांगितले. एरवी ती माहिती मी आवडीने ऐकली असती. पुढे होपटाउनच्या बाजूने चढणारा रस्ता, वनखात्याच्या नाक्यावरील नोंदणी आणि माथ्यावरचा थांबा हे सगळे आटोपून आम्ही प्रत्यक्ष चालायला लागलो, तेव्हा घड्याळात पावणेदहा झाले होते.

हा उशीर एवढा का बोचला, ते सांगायला हवे. अंदमान मुंबईपेक्षा सुमारे वीस रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ मात्र साऱ्या देशाचे एकच. फेब्रुवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य साडेसहानंतर मावळतो, तर येथे साडेपाचच्या सुमारास दिवस संपतो, आणि दाट झाडीखाली त्याच्या तासभर आधीच अक्षर दिसेनासे होते. सह्याद्रीत नऊ वाजता पायथ्याहून निघून किल्ला पाहून उजेडात परतण्याची आपल्याला सवय असते. तोच हिशेब येथे चालत नाही. बेटांवरच व्यवसाय करणाऱ्या माणसाला हे आम्ही सांगावे लागू नये.

माउंट हॅरिएटची उंची ३८३ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या मोजमापाने टेकडीच. नाव पडले ते हॅरिएट टायटलर या बाईंवरून. त्यांचे पती रॉबर्ट टायटलर १८६० च्या दशकाच्या आरंभी येथील कैदी वसाहतीचे प्रमुख होते. उन्हाळ्यात इंग्रज आयुक्तांचे बिऱ्हाड येथे हलत असे. २०२१ साली या डोंगराला माउंट मणिपूर असे नाव देण्यात आले, कारण १८९१ च्या इंग्रज-मणिपूर युद्धानंतर मणिपूरचे महाराजा कुलचंद्र सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शिक्षा भोगण्यासाठी येथे आणून ठेवले होते. वाटाड्या मात्र बोलताना ‘हॅरिएट’च म्हणत होता. येथे येणारा प्रत्येक जण शोधतो ते दृश्य म्हणजे विसाच्या जुन्या नोटेवरील चित्र: माडांच्या चौकटीतून दिसणारा नॉर्थ बेचा किनारा आणि दीपगृह. भाच्याने पाकिटातून तशी नोट काढून समोर धरली, तेव्हा माडांचा मेळ काही बसेना, पण किनाऱ्याची वळणे बरोबर जुळली. विसाच्या नव्या नोटेवर आता वेरूळची लेणी आहेत, त्यामुळे आमच्यापैकी औरंगाबादच्या माहेरवाशिणीला, म्हणजे मला, या बदलाबद्दल तक्रार करता येत नाही.

आता वाटाड्याविषयी, कारण या सहलीत पैसे वसूल झाले ते त्यांच्यामुळे. पंचावन्नच्या घरातले, बारीक अंगकाठीचे, रबरी बूट घातलेले हे गृहस्थ येथे ‘रांची’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजातले. १९१८ पासून छोटा नागपूरच्या पठारावरून उराँव, मुंडा, खडिया लोकांना जंगलतोडीच्या कामासाठी येथे आणले गेले, त्यांची ही पुढची पिढी. त्यांचे वडील हत्तींकडून ओंडके ओढून घेण्याच्या कामावर होते. आम्ही त्यांना दादा म्हणू लागलो, तेही नणंदेला आणि मला दीदी म्हणू लागले, आणि अंदमानच्या त्या मोकळ्या, लिंगवचनाची फारशी फिकीर न करणाऱ्या हिंदीत त्यांनी निघण्यापूर्वी तीन गोष्टी बजावल्या. ओळ मोडायची नाही, न पाहता कोणत्याही फांदीला हात लावायचा नाही, आणि कपडे वेतात अडकले तर पुढे ओढायचे नाही, एक पाऊल मागे यायचे. 

तिसऱ्या सूचनेचा अर्थ अर्ध्या तासातच कळला. येथला रानवेत झाडांवर चढतो तो लांबच लांब काटेरी चाबूक पसरून, आणि त्यावरचे काटे मांजराच्या नखांसारखे मागे वळलेले असतात. माणूस जितका जोर करून पुढे जाईल, तितके ते रुततात. मागे सरकले की आपोआप सुटतात. माझ्या पतींनी ही सूचना विसरून शर्टाची बाही गमावली, तेव्हा दादांनी न हसता सुईदोरा देऊ केला. तो त्यांच्या पिशवीत होता, आयोजकाच्या प्रथमोपचार पेटीत मात्र चिकटपट्टीखेरीज काही नव्हते.

सह्याद्रीत चालणाऱ्याला या जंगलात पहिला तासभर चुकल्यासारखे होते. कडा नाही, बुरूज नाही, खाली दिसणारे गाव नाही. चारी बाजूंनी हिरवे आणि वर फाटक्या छपरासारखे आभाळ. वारा लागत नाही, घाम वाळत नाही. नुसते चालत राहिले तर सोळा किलोमीटर एकच झाड पाहिल्यासारखे वाटेल, आणि वाटाड्याची खरी गरज रस्ता दाखवण्यापेक्षा येथेच आहे. दादांनी आम्हाला गर्जनाच्या सरळसोट खोडापाशी उभे करून मान वर करायला लावली. पहिली फांदी कुठे फुटते, ते शोधताना भाचीची टोपी पडली. या झाडाचे तेल पूर्वी होड्यांच्या सांध्यांना लावत, असे ते म्हणाले. पडौकच्या बुंध्याशी माणूस लपेल अशा फळ्यांसारखी आधारमुळे पसरलेली होती. मातीचा थर पातळ असल्याने झाड खोल जाण्याऐवजी असे पाय फाकून उभे राहते. त्या फळीवर त्यांनी मुठीने ठोकले, तेव्हा दरवाजा वाजवल्यासारखा आवाज आला. हरवलेला माणूस असे ठोकून हाक देतो, असे त्यांनी सांगितले आणि लगेच, ‘आप मत खोना’ असेही.

केवड्याच्या जातीच्या एका झुडपावर त्यांनी बोट न दाखवता, फक्त हनुवटी पुढे करून एक पाल दाखवली: पोपटी अंग, पाठीवर तांबडे ठिपके, शेपटीकडे निळसर झाक. दिवसा हिंडणारी ही हिरवी पाल अंदमानचीच, आणि तिची सख्खी भावंडे थेट मादागास्करकडच्या बेटांवर राहतात. ती तेथून येथवर कशी आली असेल, या प्रश्नावर भाचा पुढचा अर्धा तास निरनिराळे तर्क लढवत होता. काळा सुतार पक्षी आधी ऐकू आला आणि बऱ्याच वेळाने दिसला. तोही जगात केवळ याच बेटांवर. अंदमानचा रानपारवा, जो येथला राज्यपक्षी आहे, त्याचा केवळ पंखांचा फडफडाट आमच्या वाट्याला आला. ‘दिसला असे समजा’ असे म्हणून गिऱ्हाइकाला खूश करण्याचा मोह दादांनी टाळला, याची मी विशेष नोंद करते.

या जंगलात वाघ, बिबट्या, कोल्हा, माकड यांपैकी कोणीही मूळचे नाही. समुद्राने वेगळे पाडलेल्या बेटांवर मोठी जनावरे पोहोचलीच नाहीत. इंग्रजांनी शिकारीच्या हौसेने चितळ आणून सोडले, त्यांना खाणारे कोणी नसल्याने ते वाढत गेले आणि कोवळी रोपे फस्त करू लागले. दादांनी एका ठिकाणी वाट सोडून दोन पावले आत नेले आणि विचारले, येथे गुडघ्याएवढे झाड दिसते का? खरोखरच नव्हते, मोठे वृक्ष आणि खाली मोकळी जमीन. रॉस बेटावर आदल्याच दिवशी चितळांना बिस्किटे भरवणारी आमची भाची यावर काहीशी गंभीर झाली. सापांबाबत मात्र निश्चिंत राहू नये. येथला नाग, मण्यार आणि चापडा हे तिन्ही विषारी आहेत, आणि चापडा फांदीवर निवांत पडून असतो म्हणूनच हात लावण्याबद्दलची ती दुसरी सूचना.

जळवा फेब्रुवारीत कमी असतात, पण ओढ्याकाठी होत्याच. कबूल केलेले मोजे ‘संपले’ होते. दादांनी मीठ आणि तंबाखू बांधलेली फडक्याची पुरचुंडी काठीच्या टोकाला लावून दिली आणि तीच कामाला आली. पाण्याची गोष्ट अधिक गंभीर आहे: माणशी एक लिटरची एक बाटली. अशा दमट हवेत सात तास चालणाऱ्या माणसाला तीन लिटरही जेमतेम पुरतात. आम्ही स्वतःच्या बाटल्या घेतल्या होत्या म्हणून निभावले. जेवण म्हणजे पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि एक केळे. चव बरी होती, भाजी अकरा वाजताच आंबूस झाली असती तर नवल नव्हते, ती तशी झाली नाही एवढेच.

सर्वांत मोठी तक्रार कालापत्थरची. माथ्यापासून दोनेक किलोमीटरवर असलेल्या या खडकापर्यंतची वाट सोपी आणि रुळलेली आहे. तेथे खाली उतरणारी दरी आणि पलीकडचा समुद्र दिसतो, आणि जंगलात शिरून प्रथमच वारा अंगाला लागतो. येथे दादांनी घड्याळ पाहून स्पष्ट सांगितले की थांबत, पाहत चालायचे असेल तर आज मधुबन नको, आसपासचे जंगल नीट पाहून मागे फिरू. आम्ही तयार होतो. त्यांनी फोन लावला, तेव्हा पलीकडून उत्तर आले की गाडी मधुबनला पाठवली आहे, ती परत माथ्यावर येणार नाही, पुढे चला. म्हणजे जंगल जाणणाऱ्या माणसाचा निर्णय कार्यालयात बसलेल्याने फिरवला. त्यानंतरचा उतार आम्ही जवळजवळ धावतच कापला. गर्जन, पडौक, पक्षी सगळे बाजूला राहिले आणि फक्त समोरच्याची टाच दिसत राहिली. शेवटचा दीड किलोमीटर मोबाइलच्या उजेडात झाला. ओल्या मुळावरून नणंद घसरली, गुडघा सोलवटला, आणि पुन्हा दादांचीच पिशवी उघडली गेली.

याच डोंगरावर ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो सूर्यास्त पाहण्यासाठी चढले होते. अंधार पडल्यावर मशालींच्या उजेडात ते खाली होपटाउनच्या धक्क्यावर पोहोचले आणि तेथे शेर अली आफ्रिदी या कैद्याने त्यांना भोसकले. सकाळी ही हकिगत ऐकताना कोणाच्या मनात काही आले नव्हते. संध्याकाळी पावले चाचपत उतरताना भाच्याने तिची आठवण करून दिली आणि आईच्या शिव्या खाल्ल्या.

मधुबनचा किनारा सुंदर असावा. आम्ही पाहिला तो करड्या उजेडातील वाळूचा एक पट्टा आणि त्यावर आडवे पडलेले मोठे ओंडके. पाय पाण्यात बुडवण्याची मुलांची इच्छा दादांनी ठामपणे नाकारली, कारण अंदमानच्या खाड्यांतून खाऱ्या पाण्यातील मगरी किनाऱ्यालाही येतात आणि त्या वेळी पाण्यात काय आहे हे दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार केल्यावर आयोजकाने माणशी ७०० रुपये परत केले आणि मोज्यांबद्दल दिलगिरी व्यक्त केली, उशिराबद्दल नाही. जानेवारी ते मार्च या कोरड्या काळात जाणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: माथ्यावरून चालायला सुरुवात सात वाजता होईल, आणि अर्ध्या वाटेवरून परतायचे की नाही हे वाटाड्या ठरवील, गाडी त्याप्रमाणे येईल. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी, लहान मुले बरोबर असणाऱ्यांनी आणि पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांनी मधुबनचा हट्ट सोडून कालापत्थरपर्यंतच अर्धा दिवस मागावा. आम्ही दादांचा स्वतःचा क्रमांक मागून घेतला आहे. त्यांनी तो दिला, पण पुढच्या वेळी किमान चार दिवस आधी फोन करा, असे बजावले, कारण परवानगीचा कागद तेव्हा त्यांना स्वतःच नाक्यावर जाऊन काढावा लागेल.