एशियन गेम्सचं बॅडमिंटन ॲपवर बघितलं, अडीच स्टार

ॲपचं नाव घेत नाही, पण हांगझोऊच्या एशियन गेम्सला (नावाला २०२२, झाले २०२३ ला) मी फक्त बॅडमिंटनसाठी सबस्क्रिप्शन घेतलं होतं. एरवी बॅडमिंटनची स्पर्धा म्हणजे तेवढा एकच खेळ, उघडलं की दिसतो. इथे ४० खेळ एका लिस्टमध्ये कोंबलेले आणि सर्चमध्ये बॅडमिंटन टाकलं तर आधी परवाचे हायलाइट्स. प्रत्येक कोर्टचं वेगळं फीड आहे हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही चुकून बोट लागलं म्हणून.

पण ते फीड भारी हां. कॉमेंट्री नाही, नुसता बुटांचा करकर आवाज आणि मागून ओरडणारे कोच. आपल्या प्रणॉयची मलेशियाच्या ली झी जियाबरोबरची सिंगल्सची क्वार्टर फायनल मी अशीच बघितली, तिसरा गेम २२-२०, मॅच पॉइंट वाचवून काढली पठ्ठ्याने आणि सेमीत पोचला म्हणजे मेडल पक्कं. १९८२ च्या सय्यद मोदींनंतर पुरुष सिंगल्समध्ये आपलं पहिलंच. अडीच स्टारमधले दोन याचेच धरा.

पुरुषांच्या टीम फायनलला (पाचपैकी तीन मॅच जिंकायच्या) मात्र डोकं फिरलं. समोर चीन, प्रणॉय पाठीमुळे बाहेर, तरी लक्ष्यने शी यूचीला काढलं, डबल्सला सात्विक-चिराग जिंकले, २-०, आणि श्रीकांत कोर्टवर आला तसं स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागलं ते फिरतंच राहिलं, बंद कर चालू कर, लॉगिन परत, तोवर पहिला गेम गेलेला. शेवटी २-३, सिल्व्हर. त्याचा दोष ॲपला देत नाही, प्रणॉय नाही म्हणून खेळलेल्या मिथुनवर शेवटची मॅच आली तिथेच पोटात गोळा आला होता.

आणि ७ ऑक्टोबर! त्याच दिवशी कबड्डी आणि क्रिकेटच्या फायनल, त्यामुळे होमपेजवर तेच दोन मोठे बॅनर, सात्विक-चिरागची डबल्स फायनल शोधायला खाली खाली जायचं. सापडली. कोरियन जोडीविरुद्ध पहिला गेम २१-१८, दुसऱ्यात पण आपण पुढे, मी उभा राहून बघतोय, माझ्या स्क्रीनवर मॅच पॉइंट अजून यायचाय आणि वरून याच ॲपचं नोटिफिकेशन टपकलं, भारताला ऐतिहासिक गोल्ड!! अरे एशियन गेम्समधलं बॅडमिंटनचं आपलं पहिलं गोल्ड, ते मला तुम्ही असं सांगणार? मग तो पॉइंट बघितला, नाचलो पण, पण शिळा झाला होता यार.

रिप्लेचं तर विचारूच नका, टायटलमध्येच निकाल लिहिलेला असतो. नोटिफिकेशन बंद करायची सेटिंग प्रोफाइलच्या पार आतल्या पानावर आहे, पुढच्या वेळी घेणार असाल तर तिथून सुरुवात करा.