पंखसिंह: खेळाच्या टेबलावर काही महिने वापरल्यानंतर

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत मिळून गोष्ट रचण्याचा खेळ) याच्या पाचव्या आवृत्तीत पंखवाल्या सिंहांचा वंश खेळाडूंच्या हाती द्यावा का, असं नागपुरातले खेळणारे अधूनमधून विचारत असतात. आमच्या टेबलावर हा वंश दिवाळीपासून आहे. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी आणि निवाडा देणारी. चार खेळाडूंपैकी दोघांची कॅरेक्टर पंखसिंह आहेत: एक बार्बेरियन (आडदांड लढवय्या), एक बार्ड (गाण्यातून जादू करणारी). सोबत एक बुटका क्लेरिक (देवाच्या बळावर जादू करणारा) आणि एक विझार्ड (जादूगार). निकाल आधीच सांगते. द्या, जरूर द्या. पण पंखांचे नियम ठरवायला जेवढा वेळ लावाल त्याहून जास्त वेळ त्यांच्या मानाचे नियम ठरवायला लावा. उडणं आवरता येतं. मान नीट बसला नाही, तर नुसता एक उडणारा गडी उरतो आणि सिंह हरवतो.

तयार वंश असा नाही, जोडून घ्यावा लागतो. आम्ही पाया घेतला लिओनिनचा. थेरॉस हे जग मुळात मॅजिक या पत्त्यांच्या खेळातलं, २०१३ सालचं. २०२० मध्ये त्यावर डी अँड डीचं पुस्तक आलं आणि त्यात लिओनिन खेळाडूंसाठी खुले झाले. ओरेस्कोसच्या सोनेरी माळांवर राहणारे, देवांपासून चार हात दूर, परक्यांवर सहज विश्वास न टाकणारे सिंहलोक. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) +२, स्ट्रेंग्थ (ताकद) +१, चाल ३५ फूट, अंधारात ६० फुटांपर्यंत नजर, १डी४ ची नखं (म्हणजे इजा चार बाजूंच्या एका फाशाइतकी), आणि गर्जना. पंख त्यांना नाहीत. ते आम्ही लावले.

पंख लावताना सगळे घाबरतात, आणि ते घाबरणं खरं आहे. २०१५ मध्ये आलेल्या आराकोक्रा या पक्षीमाणसांच्या वंशाला पहिल्याच लेव्हलला (प्रगतीच्या पायरीला) ५० फूट उडता येत होतं. वर जाऊन लाँगबो (लांब धनुष्य) काढला, की १५० फुटांवरून सरळ नेम. खाली तलवारी घेतलेले दरोडेखोर नुसते वर बघत राहणार. डीएमने तासभर बसून बांधलेली लढत दोन फेऱ्यांत संपते. २०२२ मध्ये आराकोक्राचं उडणं चालण्याएवढंच केलं गेलं, तेच शहाणपणाचं. आम्ही ३० फूट ठेवलं. मध्यम किंवा जड चिलखत घातलं तर उडता येत नाही, हा आराकोक्राचा नियमही उचलला. आणि एक आमचा घातला: पाचव्या लेव्हलपर्यंत आपली पाळी संपताना पाय कशावर तरी टेकलेले हवेत. जमीन, फांदी, छप्पर, काहीही चालेल. पाचवीच का, तर विझार्डला फ्लाय हा मंत्र त्याच लेव्हलला मिळतो. तिथून पुढे उडणं ही कोणा एकाची मिरासदारी राहत नाही, मग पंखसिंहालाही मोकळं सोडायला हरकत नाही.

बार्बेरियन खेळणाऱ्याला हा नियम आजही पटलेला नाही. त्याचं म्हणणं, जन्मजात पंख असलेल्याला "टेक खाली" म्हणणं हा त्या वंशाचाच अपमान. त्याचं म्हणणं खोडून काढता येत नाही. पण पहिल्या चार लेव्हलमध्ये याच नियमामुळे त्याला प्रत्येक पाळीला कुठे उतरायचं याचा विचार करावा लागला. कौलं, बुरुजाची कड, एकदा तर शत्रूच्याच बैलगाडीचा टप. असं उतरत उतरत लढणं मला सरळ तरंगत राहण्यापेक्षा कितीतरी सिंहासारखं वाटतं.

खरी गंमत मात्र पडण्यात आहे, आणि तिकडे फार कमी लोक लक्ष देतात. उडणारा आडवा पडला, त्याची चाल शून्य झाली किंवा त्याचं हलणंच खुंटलं, तर तो कोसळतो. दर १० फुटांना १डी६. साठ फुटांवरून पडलात तर सरासरी २१. तिसऱ्या लेव्हलची आमची बार्ड, एकूण २४ हिट पॉइंट (जीव). होल्ड पर्सन हा जागीच खिळवणारा मंत्र लिओनिनला लागू पडतो, कारण नियमाच्या दृष्टीने ते ह्युमनॉइड, म्हणजे माणसासारखे. म्हणजे एक चुकलेला विस्डम सेव्ह (मंत्र टाळण्यासाठी टाकायचा फासा) आणि बार्ड जमिनीवर, जवळजवळ संपलेली. बार्बेरियनचं वेगळं. पडण्याची इजा ब्लजनिंग (बोथट माराची) धरली जाते, रेजमध्ये (बार्बेरियनच्या लढाईतल्या संतापात) असला तर अर्धीच लागते. हे त्याला कळल्यावर तो मुद्दाम उंचावरून अंगावर कोसळायला लागला. मी अडवलं नाही. शूर आणि आडदांड, दोन्ही एकदम दिसतं त्यात.

याहून भारी निघाला अर्थबाइंड. दुसऱ्या पातळीचा मंत्र, पल्ला ३०० फूट, स्ट्रेंग्थ सेव्ह चुकला की उडण्याची चाल शून्य. पण तो आपटत नाही. ६० फूट दर फेरीला, सावकाश, सुखरूप खाली आणतो. अंगाला ओरखडा नाही, पण सगळ्या शत्रूंच्या देखत आभाळातून उतरवलं जाणं! बार्ड पहिल्यांदा अशी खाली आली तेव्हा टेबलावर कुणी बोललं नाही. एकही हिट पॉइंट न जाता तिला जे लागलं ते साठ फुटांच्या पडण्यानेही लागलं नसतं. मानासाठी वेगळा नियम हवा, हे मला तिथे पटलं.

आम्ही तो असा केला. प्रत्येक पंखसिंहाने सुरुवातीलाच तीन शपथा लिहायच्या, "मी हे करणार नाही" अशा. शपथ पाळल्याने खरोखर नुकसान सोसावं लागलं तर इन्स्पिरेशन मिळतं, म्हणजे पुढच्या एखाद्या डी२० च्या (वीस बाजूंच्या फाशाच्या) वेळी दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा, असं अ‍ॅडव्हांटेज. शपथ मोडली तर पुढच्या लाँग रेस्टपर्यंत (रात्रभराच्या विश्रांतीपर्यंत) गर्जना बंद. ही शिक्षा बारीक दिसते, पण तशी नाही. लिओनिनची गर्जना ही मुख्य कृतीखेरीज वर करता येणारी बोनस अ‍ॅक्शन आहे. १० फुटांतल्या हव्या त्या शत्रूंनी विस्डम सेव्ह करायचा, चुकले तर तुमच्या पुढच्या पाळीच्या शेवटापर्यंत भेदरलेले, म्हणजे सिंह दिसतोय तोवर दोन फाशांतला लहान आकडा धरायचा असं डिसअ‍ॅडव्हांटेज आणि पुढे सरकायची हिंमत नाही. भुयारात, जिथे छत आठ फुटांवर आहे आणि पंख निव्वळ ओझं, तिथे सिंहाकडे उरते ती हीच एक गोष्ट. ती गेली की तो बिनआवाजाचा होतो.

दोघांच्याही शपथांमध्ये एक समान निघाली, न ठरवता: पाठीवर कोणालाही घेणार नाही. मला ती ऐकताना छान वाटली, तिची किंमत पुढे कळली. मधे दरी आली, पूल जळालेला, मागून पाठलाग. क्लेरिकचं वजन दीडशे पौंड, चेन मेल (कड्यांचं चिलखत) ५५ पौंड, म्हणजे दोनशेच्या वर. बार्बेरियनची स्ट्रेंग्थ १६, त्याची वाहण्याची क्षमता त्याच्या पंधरापट, २४० पौंड. नियमाने तो बुटक्याला आरामात पलीकडे नेऊ शकतो. शपथेने नाही. आमचा बुटका वऱ्हाडी बोलतो, सिंह प्रमाण भाषेत, एकमेकांना "आपण" म्हणत. हे पहिल्या दिवसापासून तसंच चालत आलंय. बुटका म्हणाला, "पाठीवर नाही बसत मी तुह्या. हातात धर ना मले."

यावर खेळ थांबला आणि चर्चा सुरू झाली. हातात धरणं म्हणजे वाहणं का? विझार्ड म्हणाला, ही पळवाट आहे. बार्बेरियन खेळणारा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, जखमी सोबत्याला उचलून नेणं हा सिंहाचा मान आहे, पाठीवर खोगीर असणं हा अपमान. मी ते मान्य केलं. आपल्या वंशाचा कायदा खेळाडूने स्वतः बनवला, डीएमला पुस्तकात शोधावा लागला नाही. एवढ्या महिन्यांत माझ्यासाठी सगळ्यात मोलाची घडामोड हीच.

मग मी ग्रिफिन आणले. मोफत मिळणाऱ्या एसआरडीत (डी अँड डीच्या मूळ नियमांच्या संचात) ग्रिफिन आहे. २०२३ पासून ते नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले आहेत, कोणालाही वापरता येतात. पुढून गरुड, मागून सिंह, ८० फूट उडणारा, चॅलेंज रेटिंग (शत्रू किती अवघड याचा आकडा) २, इंटेलिजन्स (बुद्धी) २. म्हणजे जनावर. माणसाळवून त्यावर बसतात. बंदराच्या शहरात मी ग्रिफिनचा बाजार भरवला: साखळ्या, खोगिरं, दात तपासणारी गिऱ्हाइकं. तिथे दोन पंखसिंह शिरले. बार्बेरियनला सगळे पिंजरे तोडायचे होते. बार्ड म्हणाली, हे आपल्यातले नाहीत, यांच्यासाठी रडलो तर लोक आपल्यालाही यांच्यातच मोजतील. दोघांची जुंपली, आणि ती भांडणं पुढच्या कित्येक रविवारी चालली. एका व्यापाऱ्याने बार्डकडे बोट दाखवून "हिचा भाव काय?" एवढंच विचारलं होतं. तो व्यापारी अजून जिवंत आहे. बार्ड त्याला शोधतेय.

तुमच्याकडे हा वंश आणणार असाल तर असं काहीतरी नक्की ठेवा, ज्यात त्यांचंच अर्धं रूप गुलाम म्हणून समोर उभं असेल. अभिमान कशाला टेकून उभा आहे ते तिथे दिसतं.

त्यांचं जग उभं करताना मी परदेशी चित्रांच्या मागे लागले नाही. नागपूरहून दीडशे किलोमीटरच्या आसपास चंद्रपूर आहे. तिथल्या परकोटाच्या दरवाजांवर गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे, हत्तीला नमवणारा सिंह. सांचीच्या तोरणांवर तर पंखवाले सिंहच आहेत. आणि इराकमधल्या निमरुदला, अश्शूरी राजा दुसरा अशुरनासिरपाल (इ.स.पू. ८८३ ते ८५९) याच्या महालाच्या दाराशी माणसाच्या तोंडाचे पंखवाले सिंह होते, पाच पायांचे. समोरून पाहिलं तर उभे, बाजूने पाहिलं तर चालणारे. चंद्रपूर काय, सांची काय, निमरुद काय, हा प्राणी दाराशी सापडतो. क्टेसियस या ग्रीकानेही भारताच्या डोंगरांत सोन्यावर पहारा देणारे ग्रिफिन सांगितले, म्हणजे तिथेही राखणच. त्यावरून आमच्या पंखसिंहांना व्यवसाय मिळाला. ते उंबरठ्याचे राखणदार. त्यांचा मान बळातून येत नाही, लोकांना त्यांची परवानगी मागावी लागते यातून येतो. हे एकदा बसलं आणि दोन्ही खेळाडूंचं बोलणं बदललं. "मी तुला मारीन"च्या जागी "तू मला विचारलंस का?" आलं.

आता वापरातल्या बारीकसारीक गोष्टी. उंची लक्षात ठेवणं हा मोठा ताप आहे. आम्ही कॅरमच्या सोंगट्या वापरतो, एक सोंगटी म्हणजे १० फूट, मिनिएचर (कॅरेक्टरची छोटी बाहुली) त्या चवडीवर उभं. सहा सोंगट्यांच्या वर चवड डुगडुगते, तेव्हा बाजूला डी२० ठेवून आकडा दाखवावा. अंतर मोजताना आडवं आणि उभं यातलं जे मोठं ते धरतो. पाचव्या आवृत्तीत तिरका चौकोनही पाच फुटांचाच असल्याने हे चालतं, आणि वर्गमुळं काढावी लागत नाहीत. कागदी मिनिएचर असतील तर एप्रिल-मे मध्ये कूलरच्या झोतापासून टेबल दूर घ्या, नाहीतर सगळ्यांनाच पंख फुटतात. पंख उघडायला दोन्ही बाजूंना मिळून १० फूट मोकळी जागा हवी, असा नियम आम्ही भुयारांसाठी केला आणि तो फार उपयोगी पडला.

२०२४ च्या नव्या प्लेयर्स हँडबुकने खेळत असाल तर स्ट्रेंग्थ-कॉन्स्टिट्यूशनचे वाढीव गुण वंशातून येत नाहीत, बॅकग्राउंडमधून (कॅरेक्टरच्या पूर्वायुष्यातून) येतात. लिओनिनचे +२ आणि +१ सोडून द्या, त्यांचं बाकी सगळं तसंच चालतं.

सगळ्यांत कमी उपयोग झाला नखांचा. १डी४ म्हणजे हातात काहीही नसेल तेव्हा ठीक. चौथ्या लेव्हलनंतर कुणाला आठवलीही नाहीत. मी ती १डी६ करणार आहे.

एकटाच पंखसिंह असलेला ग्रुप मात्र मी टाळेन. दोन असले की ते एकमेकांना तोलतात, एकाचा मान दुसऱ्याला खुपतो आणि कथा हलते. एकटा असला की बाकी तिघं त्याची मनधरणी करण्यात दमतात.

शपथा लिहून घेताना एक पथ्य पाळा. तीनपैकी एक तरी अशी हवी जिची किंमत सगळ्या टेबलाला मोजावी लागेल. आमच्या बार्डची तिसरी शपथ आहे, परवानगी न मागता कोणाचंही दार ओलांडणार नाही. त्यामुळे आता शत्रूच्या गढीत चोरून शिरतानाही आधी दार ठोठावावं लागतं, आणि आत कोण आहे यावर पुढची अर्धी योजना ठरते.