चौथा डाउन: पंट की धाडस?

ऑरेगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांच्या धाडसाचा विषय निघाला की चाहते 14 ऑक्टोबर 2023 च्या वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यावरच येतात. ऑरेगनकडे 33-29 आघाडी, 2:11 मिनिटं शिल्लक, वॉशिंग्टनच्या 47 यार्ड रेषेवर चौथा डाउन (10 यार्ड पुढे जाण्यासाठीच्या चार प्रयत्नांतला शेवटचा), अजून 3 यार्ड हवे होते.

पंट, म्हणजे लाथेने चेंडू दूर प्रतिस्पर्ध्याकडे धाडणं, नीट बसला तर समोरच्यांना 85-90 यार्ड कापावे लागतात. चेंडू गोलरेषेपलीकडच्या एंड झोनमध्ये घरंगळला तर 80च. पण समोर मायकेल पेनिक्ससारखा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) असताना दोन मिनिटं भरपूर झाली. पंट न करता ते 3 यार्ड मिळवण्याचं धाडस जमलं तर सामना जवळपास खिशात, फसलं तर त्यांना 53 यार्ड. पास फसला, वॉशिंग्टनचा दोन चालींत टचडाउन (चेंडू एंड झोनमध्ये नेऊन 6 गुण), आणि ऑरेगन 36-33 हरलं.

तरी हा निर्णय चुकीचा नव्हता. खटकतो तो मध्यंतराच्या तोंडावरचा: गोलरेषेपासून 3 यार्डांवर हुकमी फील्ड गोल (किक मारून मिळणारे 3 गुण) सोडला आणि टचडाउनचा प्रयत्न फसला. एरवी तिथे फसलं तरी प्रतिस्पर्धी स्वतःच्या गोलरेषेपाशी अडकतो, तेवढीच भरपाई. घड्याळच संपत आलं असेल तर तीही नाही. आणि हरले किती गुणांनी? 3.

येत्या हंगामात धाडस जरूर करावं, मध्यंतराआधी मात्र किकरलाच पाठवावं.